माहेरचं पासबुक

मे महिना अर्ध्यावर आला की आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर घरोघर आगोटीची धांदल सुरू होते. सुकट, बोंबील, सोडे उन्हात खडखडीत वाळवून डब्यांत जातात. मसाला कुटून बरण्यांत दाबला जातो. आमसुलं, फणसाची साठं, पांढऱ्या कांद्याच्या माळा, सगळं पावसाआधी जागच्या जागी लागावं लागतं. कमी पडलं तर भर श्रावणात शेजारणीच्या दारात वाटी घेऊन उभं राहावं लागतं, म्हणून आपण सगळ्याजणी मापापेक्षा थोडं जास्तच भरतो. पण एका वर्षी मी हौसेनं दुप्पट सुकट भरून ठेवली आणि ऑगस्टात डबा उघडला तर आत अळ्या! कमी भरणं ही जशी चूक, तशी मापाबाहेर भरणं हीसुद्धा चूकच, हे त्या दिवशी पटलं.

आज हे आठवण्याचं कारण म्हणजे म्हातारपणाची आगोट. नोकरीवाल्यांच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी आपोआप कापला जातो. आपलं तसं नाही. कुणी पर्यटकांना खोल्या देते, कुणी खानावळ चालवते, कुणी पापड-कुरडया करते, कुणी शिवणकाम करते. माझ्यासारखी एखादी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते आणि संध्याकाळी घरी शिकवण्या घेते. आपल्यासाठी कुणी कापत नाही आणि कुणी भरत नाही. जे काही साठवायचं ते आपलं आपणच. म्हणून पुष्कळजणी पोस्टात नाहीतर बँकेत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं, म्हणजे पीपीएफचं खातं काढतात. हे फार शहाणपणाचं काम आहे. १९६८ साली सुरू झालेली ही योजना आहे, सरकारची हमी आहे आणि व्याजावर आयकर नाही. २०२० च्या एप्रिलपासून पुढची पाच वर्षं व्याजाचा दर ७.१ टक्के राहिला. दर तिमाहीला सरकार तो जाहीर करतं, तेवढा बघून घेत जा.

पण या डब्यालाही माप आहे, आणि त्या मापाबाहेर गेलं की काय होतं ते मी अगदी जवळून पाहिलं. ज्यांचं झालं त्या वहिनींनी ‘लिहा, पण नाव घालू नका’ असं सांगितलं आहे.

या वहिनी दिवेआगरच्या. माहेर मुरूडकडचं. २०१२ साली, लग्नाच्या आदल्या वर्षी, वडिलांनी त्यांना तिथल्या पोस्टात नेलं आणि त्यांच्या नावानं पीपीएफचं खातं उघडून वीस हजार रुपये भरले. ‘सोनं सासरी दिसतं, मागितलंही जातं. हे पासबुक कुणाला दिसणार नाही,’ असं म्हणाले म्हणे. लग्न झालं, नाव बदललं, पासबुक मात्र माहेरच्या कपाटातच राहिलं. वडील गेल्यावर भावानं रीत चालू ठेवली. दर दिवाळीत तो आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीनं येई, भाऊबीजेच्या ताटात अकरा रुपये टाकी आणि जाताना हळूच सांगे, ‘ताई, तुझे बारा हजार भरले गं.’ वर्षाचे बारा हजार, नेमानं.

इकडे सासरी सुपारीची वाडी. पुढे घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या बांधून वहिनींनी पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. मोदक, आंबोळ्या, मासळीचं जेवण, हाताला चव आहे. चार पैसे सुटू लागले तसे २०१७ साली त्यांनी बँकेत, सासरच्या नावानं, आणखी एक पीपीएफ खातं उघडलं. माहेरच्या खात्याबद्दल तिथे बोलल्या नाहीत. घरी तर त्याआधीही कधी बोलल्या नव्हत्या.

मग ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आलं. आपल्यापैकी कुणाला ते सांगायला नको. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, नागाव सगळीकडे माड-पोफळी आडव्या झाल्या. वहिनींची निम्मी वाडी गेली आणि घराचं छप्पर उडालं. पोफळ नव्यानं लावली तर हाताशी सुपारी यायला पाच-सात वर्षं जातात. त्यांच्या यजमानांनी पतसंस्थेचं कर्ज काढून छप्पर घातलं. वहिनींनी त्या साली बँकेच्या खात्यात फक्त पाचशे रुपये भरले, खातं बंद पडू नये म्हणून. आणि माहेरचं पासबुक? त्यातून त्या वेळी काही रक्कम काढता आली असती. पाच वर्षांनंतर नियमाप्रमाणे काढता येते. त्यांनी काढली नाही आणि सांगितलंही नाही.

पुढे कर्ज फिटलं, पर्यटक पुन्हा येऊ लागले, आणि वहिनी जिद्दीनं पैसे टाकू लागल्या. बँकेच्या खात्यात वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या बेतानंच भरत होत्या. ‘मी कध्धी मर्यादा ओलांडली नाही,’ असं त्या मला ठासून सांगत होत्या. आणि प्रत्येक पासबुक वेगळं पाहिलं तर ते खरंच होतं!

गोम इथेच आहे, म्हणून हे नीट वाचा. दीड लाखाची मर्यादा खात्याची नाही, माणसाची आहे. १ एप्रिल ते ३१ मार्च या एका वर्षात एका व्यक्तीनं स्वतःच्या पीपीएफमध्ये आणि ती पालक असलेल्या अज्ञान मुलाच्या पीपीएफमध्ये मिळून दीड लाखच भरायचे. शिवाय एका व्यक्तीच्या नावे पीपीएफचं एकच खातं असायला हवं. एक पोस्टात आणि एक बँकेत असंही चालत नाही. एकाच खात्यात दीड लाखाच्या वर भरायला गेलं तर काउंटरवरचा संगणकच बहुधा नको म्हणतो. पण पोस्टाचा संगणक बँकेच्या खात्यात डोकावत नाही. दोन बरण्या दोन कपाटांत असल्या की कुणाला कळणार, आपण किती मीठ घातलं ते?

कळलं ते असं. २०२३ च्या एप्रिलपासून अल्पबचतीच्या सगळ्या खात्यांना आधार आणि पॅन जोडणं सक्तीचं झालं. भावानं वहिनींच्या आधारकार्डाची झेरॉक्स नेऊन दिली. त्यावर नाव सासरचं, पासबुकावर माहेरचं. पोस्टातून नाव बदलाचा अर्ज मागितला, आणि त्याच वेळी विचारणा झाली, ‘यांचं दुसरं पीपीएफ खातं आहे का?’ भाऊ गप्प बसून परत आला. २०२४ च्या भाऊबीजेला तो पासबुकच घेऊन आला. म्हणाला, ‘ताई, हे आता तू बघ. मला खोटं सही करता यायचं नाही.’

दुसऱ्या दिवशी वहिनी दोन्ही पासबुकं पदराखाली घेऊन माझ्याकडे आल्या. चेहरा उतरलेला. गावात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, दुसरं खातं पकडलं की सगळं व्याज बुडतं आणि नुसती मुद्दल हातावर ठेवतात. ‘बाई, बाबांपासूनचं सगळं व्याज जाणार का हो? आणि घरात काय सांगू?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी शोधू शकत होते. दुसऱ्याचं नाही. म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यांना सांगितलेलं अगदीच खोटं नव्हतं. दुसरं खातं नियमाबाहेरचंच, आणि त्यावर व्याज न मिळण्याची टांगती तलवार होतीच. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं अशी चुकीची खाती सरळ करून घेण्याचे नियम काढले आणि ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. ते थोडक्यात असे :

दोन खाती असतील तर त्यांतलं कोणतं चालू ठेवायचं ते खातेदारानं निवडायचं. ते झालं मुख्य खातं. दुसऱ्या खात्यातली शिल्लक त्यात विलीन करतात. मात्र प्रत्येक वर्षाचा भरणा त्या त्या वर्षीच्या मर्यादेत बसला पाहिजे. जेवढं बसतं तेवढ्याला पीपीएफचं नेहमीचं व्याज मिळतं. जेवढं मर्यादेबाहेर जातं तेवढं बिनव्याजी परत मिळतं. दोनाहून जास्त खाती असतील तर तिसऱ्या आणि त्यापुढच्या खात्यांना उघडल्या दिवसापासून व्याज शून्य.

म्हणजे हिशोब एकदम करायचा नाही, वर्षवार करायचा. मी मुलांच्या शिकवणीची पाटी पुसली, दोन्ही पासबुकं शेजारी शेजारी ठेवली आणि आम्ही दोघींनी मांडणी केली. पहिली रक्कम माहेरच्या खात्याची, दुसरी बँकेची :

२०१२-१३ : २०,००० आणि काही नाही.
२०१३-१४ ते २०१६-१७ : दर वर्षी १२,००० आणि काही नाही.
२०१७-१८ : १२,००० आणि ३०,०००. एकूण ४२,०००.
२०१८-१९ : १२,००० आणि ४०,०००. एकूण ५२,०००.
२०१९-२० : १२,००० आणि ५०,०००. एकूण ६२,०००.
२०२०-२१ : १२,००० आणि ५००. एकूण १२,५००.
२०२१-२२ : १२,००० आणि ६०,०००. एकूण ७२,०००.
२०२२-२३ : १२,००० आणि १,४५,०००. एकूण १,५७,०००. जादा ७,०००.
२०२३-२४ : १२,००० आणि १,५०,०००. एकूण १,६२,०००. जादा १२,०००.
२०२४-२५ : काही नाही आणि दिवाळीपर्यंत १,००,०००. मर्यादेत.

शेवटची बेरीज झाली तेव्हा वहिनी पाटीकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत मर्यादेबाहेर गेलेली रक्कम होती फक्त एकोणीस हजार. ती मुद्दल परत मिळणारच होती. तिच्यावरचं व्याज काय ते जाणार, तेही मी अंदाजानं काढलं तर दोन-अडीच हजारांच्या घरातलं. माहेरच्या खात्यातले सव्वादोन लाखांच्या पुढे गेलेले पैसे आणि बँकेतली एवढ्या वर्षांची पुंजी, दोन्ही शाबूत. ज्या भीतीनं त्यांची झोप उडाली होती ती पाटीवर मांडल्यावर एवढीशी निघाली. घाबरून गप्प बसल्या असत्या, तर मात्र दर दिवाळीला ती बारा हजारांनी वाढत गेली असती.

(ज्यांची खाती त्याहून जुनी आहेत त्यांनी एक लक्षात ठेवा. दीड लाखाची मर्यादा २०१४-१५ पासूनची. त्याआधी, २०१३-१४ साली, ती एक लाख होती. जुन्या वर्षांना जुनंच माप लावायचं.)

आता मुख्य खातं कोणतं निवडायचं? वहिनींचं मन साहजिकच माहेरच्या खात्याकडे होतं. पण नुसत्या मायेनं ठरवू नका, तारखाही बघा. पीपीएफची मुदत पंधरा वर्षांची, आणि ती मोजतात खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून. माहेरच्या खात्याची मुदत ३१ मार्च २०२८ ला पुरी होते, बँकेच्या खात्याची ३१ मार्च २०३३ ला. जुनं खातं ठेवलं तर पैसे पाच वर्षं आधी मोकळे होतात, आणि नको असतील तर पाच-पाच वर्षांनी मुदत वाढवता येतेच. या वेळी माया आणि हिशोब एकाच बाजूला उभे होते, असं क्वचितच होतं! खातं एका पोस्टातून दुसऱ्या पोस्टात, किंवा पोस्टातून बँकेत आणि बँकेतून पोस्टात बदलून घेता येतं. तेव्हा माहेरचं खातं ठेवलं म्हणून दर वेळी खाडी ओलांडायला नको.

राहिला दुसरा प्रश्न. अर्जावर दोन्ही खात्यांचे नंबर येणार, नाव बदलासाठी लग्नाचा दाखला लागणार, पोस्टातून घरी पत्र येणार. लपवून हे काम होण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगू? लपवून करावं असं मलाही वाटत नव्हतं. पण ‘सांगून टाका’ असं म्हणणं सोपं. त्या घरात त्यांना राहायचं होतं, मला नाही. मी एवढंच म्हटलं, ‘वहिनी, आधी आकडा सांगू नका. वडिलांनी खातं उघडलं तो दिवस सांगा.’

त्यांनी सांगितलं. दोन दिवस घरात ‘पान वाढलंय’ यापलीकडे बोलणं नव्हतं. वादळाच्या वेळी माणूस पतसंस्थेच्या पायऱ्या झिजवत होता आणि बायकोच्या माहेरी पासबुक होतं, हे लागणारच मनाला. तिसऱ्या दिवशी सुपारी सोलता सोलता ते म्हणाले, ‘तेव्हा सांगितलं असतंस तर मी मागितले असते. आणि तू दिले असतेस.’ थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, ‘छप्पर काय, झालंच असतं कसंही. हे मात्र उरलं नसतं.’ आणि मग मोटारसायकल काढून त्यांनीच वहिनींना बँकेत नेलं.

त्यांच्या मनातलं सगळं धुतलं गेलं असं मी म्हणणार नाही. वहिनीही तसं म्हणत नाहीत. पण आता दोन्ही पासबुकांची गोष्ट एकाच घरात आहे.

कामाची रीत काय होती तेही सांगते, म्हणजे कुणाला लागली तर उपयोगी पडेल. आधी बँकेच्या खात्यात भरणा थांबवला आणि भावालाही त्या वर्षी भरू नको म्हणून कळवलं. चूक सापडली की पहिलं काम तेच, जादा भरणं बंद. मग दोन्ही खात्यांचे उघडल्यापासूनचे उतारे काढले. पासबुकाची पानं पुसट झाली होती, म्हणून शिक्क्याचे छापील उतारेच घेतले. माहेरच्या पोस्टात नाव बदलाचा अर्ज दिला, सोबत लग्नाचा दाखला, आधार आणि पॅन. मग साध्या कागदावर स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला : माझ्या नावे अनवधानाने दोन खाती आहेत, त्यांचे नंबर हे, पोस्टातले खाते मुख्य म्हणून चालू ठेवावे, बँकेतली शिल्लक नियमाप्रमाणे त्यात विलीन करावी आणि मर्यादेबाहेरची रक्कम परत करावी. सोबत आमच्या पाटीवरचा तक्ता कागदावर उतरवून जोडला. अर्जाच्या दोन प्रती केल्या आणि एकीवर पोहोच म्हणून शिक्का घेतला. ही पोहोच जपून ठेवा. काउंटरवरचा माणूस बदलतो, शिक्का बदलत नाही.

काम एका फेरीत झालं नाही. बँक पोस्टाकडे बोट दाखवी आणि पोस्ट बँकेकडे. वहिनींनी प्रत्येक वेळी तारीख लिहून ठेवली, कुणाला भेटले ते लिहिलं, आणि न चिडता पुन्हा गेल्या. मार्च उलटून गेला, पण काम झालं.

आणि आणखी एक गोष्ट निघाली! जुन्या खात्यावर वारस म्हणून नाव होतं वडिलांचं. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, ते नाव बदलायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं. उद्या काही झालं असतं तर घरच्यांना हेलपाटे पडले असते. मैत्रिणींनो, लग्नाआधी उघडलेलं कोणतंही खातं असेल, तर आजच वारसाचं नाव बघा. पीपीएफमध्ये वारसाचं नाव बदलायला पूर्वी पन्नास रुपये लागत, २०२५ च्या एप्रिलपासून तेही माफ झाले आहेत.

आता तुमच्या मनात येणाऱ्या काही शंका :

‘मी आणि माझे यजमान, दोघांची मिळून मर्यादा दीड लाख का?’ नाही. दोघांची वेगवेगळी, आपापल्या खात्यात दीड-दीड लाख. पण पीपीएफचं खातं दोघांच्या नावे जोडून काढता येत नाही.

‘मुलाच्या नावे खातं आहे. त्यात वेगळे दीड लाख भरू का?’ नाही, आणि पुष्कळजणींची चूक इथेच होते. मुलाच्या खात्याच्या तुम्ही पालक असाल तर तुमचं आणि त्याचं मिळून दीड लाख. तुमच्या खात्यात एक लाख भरले, तर त्याच्यात पन्नास हजारच. आई आणि बाबा दोघांनी एकाच मुलाच्या नावे दोन खातीही काढू नयेत.

‘या वर्षी जादा भरलं तर पुढच्या वर्षात धरतात का?’ नाही. आपोआप काहीच धरत नाहीत. जादा रक्कम व्याज न कमावता पडून राहते. म्हणून लक्षात आल्या दिवशीच लेखी अर्ज देऊन ती परत मागायची आणि १ एप्रिलनंतर हवी तर नव्यानं भरायची. जेवढे दिवस उशीर, तेवढ्या दिवसांचं व्याज आपल्याच पदरचं जातं.

‘जादा रकमेवर आयकराची सवलत मिळते का?’ मिळत नाही. आणि पीपीएफच्या भरण्यावरची सवलतही जुनी करपद्धत निवडली असेल तरच मिळते. नव्या करपद्धतीत ती नाही. तेव्हा केवळ कर वाचेल या आशेनं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धावत जाऊन पैसे भरू नका. आपली करपद्धत कोणती ते आधी विचारा.

‘सासूबाईंनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जास्त भरलं तर?’ तिथली मर्यादा तीस लाखांची. जादा रक्कम परत करतात, पण तिच्यावर पोस्टाच्या बचत खात्याइतकं तरी व्याज देतात. पीपीएफमध्ये तेवढंही नाही.

‘मर्यादा भरली आणि तरी हातात पैसे आहेत, मग?’ असं दुखणं सगळ्यांना होवो! राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, भरण्याला अशी वरची मर्यादा नाही. मात्र त्यातला पैसा बाजारावर चढतो-उतरतो आणि बराचसा म्हातारपणापर्यंत अडकतो, हे समजून भरावं. घरात दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खातं आहे. त्याची दीड लाखाची मर्यादा पीपीएफहून वेगळी मोजतात. वहिनींच्या भावानं तेच केलं. आता त्याचे बारा हजार भाचीच्या सुकन्या खात्यात जातात. भाऊबीज चालू राहिली, फक्त एक पिढी पुढे सरकली.

शेवटी एक छोटी सवय सांगते. घरखर्चाच्या वहीचं मागचं पान उघडा आणि वर लिहा : १ एप्रिल ते ३१ मार्च. त्याखाली तीन रकाने आखा : माझ्या खात्यात, मुलांच्या खात्यात, एकूण. पैसे भरले की त्याच संध्याकाळी लिहा. माहेरून कुणी भरत असेल तर तेही त्यांना विचारून लिहा. एकूण रकाना एक लाख चाळीस हजारांवर गेला की लाल पेन्सिलीनं खूण करा. आपलं उत्पन्न हंगामी. मे महिना आणि दिवाळीत येतं, पावसात आटतं. तेव्हा एकदम भरण्याऐवजी जमेल तसं, पण महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरा. पाच तारखेनंतर भरलं तर त्या रकमेला त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. आणि अगदीच ओढगस्तीचं वर्ष आलं तरी पाचशे रुपये तेवढे भराच. नाहीतर खातं बंद पडतं आणि ते पुन्हा चालू करायला त्या प्रत्येक वर्षाचे पाचशे आणि वर पन्नास रुपये दंड पडतो.

परवा वहिनी भेटल्या. नव्या पोफळींना आता कुठे फुलोरा धरतो आहे, म्हणत होत्या. पासबुक कुठे ठेवता, मी सहज विचारलं. ‘देवाच्या फडताळात,’ म्हणाल्या, ‘सगळ्यांना दिसेल असं.’

तुमच्याही कपाटात माहेरचं एखादं पासबुक असेल. या आठवड्यात ते काढा, दुसऱ्यांच्या शेजारी ठेवा आणि पाटी घ्या. बेरीज करायला फार तर अर्धा तास लागतो.

पुढच्या आठवड्यात भेटूच. पावसात कपाटातल्या कागदपत्रांना वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून काय करावं, ते तेव्हा सांगेन.